मतदानाच्या रात्रीचे सात तास

१५ ऑक्टोबर २०१४, बुधवार. महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाचा दिवस. त्या रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार एवढ्या वेळात जगभरातल्या असंख्य वेबसाइट दुसऱ्याच्या ताब्यात जायला मोकळ्या झाल्या. मालकांना त्याची कल्पना आली ती चौदा दिवसांनी. तीही ज्यांनी बातमी वाचली त्यांनाच.

या साइट ड्रुपल नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर चालत होत्या. साइटवरचा मजकूर, फोटो, सूचना सांभाळणारं हे सॉफ्टवेअर. वर्डप्रेस आणि जुमला ही त्याची भावंडं. ड्रुपलची सातवी आवृत्ती वापरणाऱ्या साइटची संख्या तेव्हा दहा लाखांच्या घरात होती. आपल्याकडे केंद्र सरकारचं खुल्या माहितीचं पोर्टलही ड्रुपलवरच उभं होतं.

जळगाव-धुळ्यात पतपेढी, कॉलेज, सराफ, डाळमिल, केळी बाहेर पाठवणारा व्यापारी, वाचनालय अशा सगळ्यांची वेबसाइट असते. गोलाणी मार्केटमधल्या कुणाकडून तरी बनवून घेतलेली, नाहीतर पुण्याला इंजिनीअरिंग शिकणाऱ्या भाच्याने सुट्टीत उभी केलेली. ‘आपल्या साइटवर कोण कशाला येतंय?’ हा तिचा सगळा बंदोबस्त. त्या रात्रीचा घटनाक्रम जळगावच्या घड्याळावर लावून पाहिला, की या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

१६ सप्टेंबर : २९ दिवस बाकी

जर्मनीतल्या कोलोन शहरात सेक्शनआइन्स ही सुरक्षा तपासणारी कंपनी. एका ग्राहकासाठी ड्रुपल तपासताना तिथल्या श्टेफान होर्स्ट यांना एक भोक सापडलं आणि कंपनीने ते ड्रुपलच्या सुरक्षा पथकाला गुपचूप कळवलं. भोक नवं नव्हतं. जानेवारी २०११ मध्ये सातवी आवृत्ती आली, तेव्हापासून ते तिथंच होतं.

दुरुस्ती सोपी होती, अवघ्या एका ओळीची. प्रश्न ती जाहीर कधी करायची हा होता. सप्टेंबरअखेर ॲमस्टरडॅमला ड्रुपलवाल्यांचं मोठं संमेलन होतं आणि साइट सांभाळणारी बरीच मंडळी प्रवासात असणार होती. ती घरी पोचून आपापल्या टेबलाशी बसलेली असावीत, म्हणून तारीख ठरली १५ ऑक्टोबर, महिन्याचा तिसरा बुधवार. सुरक्षा दुरुस्त्यांसाठी ड्रुपलचा राखीव दिवस तोच.

इकडे महाराष्ट्रात २५ सप्टेंबरला युती तुटली, आघाडीही तुटली आणि चार मोठे पक्ष वेगवेगळे लढायला निघाले. तिसऱ्या बुधवारकडे पाहायला खान्देशात कुणाला सवड असणार?

१५ ऑक्टोबर, सकाळी ७ : साडेएकवीस तास बाकी

मतदान सुरू झालं. जळगाव जिल्ह्यात ११ मतदारसंघ, धुळ्यात ५. शाळा-कॉलेजांत मतदान केंद्रं, मास्तर निवडणुकीच्या ड्युटीवर, कचेऱ्यांना सुट्टी. संस्थेच्या साइटचा पासवर्ड बहुधा ज्याच्याकडे असतो, तो क्लार्कही ड्युटीवरच.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा तो महिना आधीच धावपळीचा होता. २४ सप्टेंबरला ‘शेलशॉक’ नावाचं मोठं भोक बाहेर आलं होतं आणि आदल्याच दिवशी, १४ ऑक्टोबरला, गूगलच्या संशोधकांनी ‘पूडल’ जाहीर केलं होतं. आज आणखी एक येणार, हे मोजक्या माणसांनाच माहीत होतं.

संध्याकाळी ६ : साडेदहा तास बाकी

मतदान संपलं. यंत्रं सील करून मतदान पथकं परतीला लागली. टीव्हीवर एक्झिट पोल सुरू झाले आणि गल्लीगल्लीत जातीपातीची, वॉर्डावॉर्डाची बेरीज मांडली जाऊ लागली.

रात्री ९.३० : सात तास बाकी

ड्रुपलने घोषणा केली. भोकाचा क्रमांक सीव्हीई-२०१४-३७०४, धोका अत्यंत गंभीर, इलाज ७.३२ ही नवी आवृत्ती. ज्याला सगळी साइट अद्ययावत करायला वेळ नाही, त्याने निदान ती एक ओळ बदलावी.

घड्याळं पाहू. घोषणा झाली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये भर दुपारचे १२ वाजले होते, कॅलिफोर्नियात सकाळचे ९, कोलोनमध्ये संध्याकाळचे ६. अमेरिकेतल्या साइटवाल्यांना कामाचा अर्धा-पाऊण दिवस मिळाला. जळगावात मात्र जेवणं उरकून झोपायची वेळ झाली होती. यात कुणाचा डाव नव्हता. जगातली बरीचशी सॉफ्टवेअर-दुरुस्ती अमेरिकेच्या कचेरीवेळेत बाहेर पडते, म्हणजे आपल्याकडे ती रात्रीच येते. रात्रीचा हा बंदोबस्त आपला आपणच करायचा असतो.

रात्री १०.३० : सहा तास बाकी

भोक होतं कुठं? साइटचा सगळा मजकूर डेटाबेसमध्ये असतो. तुम्ही लॉगिनच्या चौकटीत नाव टाकलं, की सॉफ्टवेअर डेटाबेसला विचारतं, ‘या नावाचा कुणी आहे का?’ धोका असा, की नावाच्या जागी कुणी डेटाबेसला समजणारा हुकूमच लिहून पाठवला आणि सॉफ्टवेअरने तो तसाच पुढं सरकवला, तर डेटाबेस तो हुकूम पाळतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. छोट्या साइटवर होणारा हा अगदी नेहमीचा हल्ला.

ड्रुपलमध्ये तो रोखण्यासाठी खास व्यवस्था होती आणि भोक नेमकं त्या व्यवस्थेतच निघालं. एकाऐवजी अनेक नावांची यादी आली, तर ड्रुपल प्रत्येक नावाला क्रमांकाची चिठ्ठी लावायचं. पण तो क्रमांक समोरच्याने पाठवला असेल तसाच उचलायचं. क्रमांकाच्या जागी समोरच्याने हुकूम लिहिला, तर तो थेट डेटाबेसपर्यंत पोचायचा. दुरुस्तीच्या एका ओळीने एवढंच केलं, की समोरच्याचे क्रमांक टाकून द्यायचे आणि स्वतःचे लावायचे.

या हल्ल्याला पासवर्ड लागत नव्हता, साइटवर खातंही लागत नव्हतं. लॉगिनची चौकट सगळ्यांसाठी उघडी असते, तेवढी पुरेशी होती. तुमचा पासवर्ड किती कठीण आहे, याला त्या रात्री काही किंमत नव्हती.

मध्यरात्र : साडेचार तास बाकी

दुरुस्ती जाहीर करणं म्हणजे भोकावर बोट ठेवून दाखवणंच. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवली, की बदललेली ओळ दिसते, आणि ओळ दिसली की तिचा उपयोग कसा करायचा हे जाणकाराला कळतं. इथं तर एकच ओळ बदललेली. घोषणेनंतर काही तासांतच हल्ल्याचं तयार कोड इंटरनेटवर फिरू लागलं.

दुरुस्ती गुप्त ठेवली असती तर? भोक तसंच राहिलं असतं आणि ज्याला ते आधीच सापडलं असेल, तो निवांत वापरत बसला असता. म्हणून दुरुस्ती उघड करावीच लागते. त्या क्षणापासून साइट सांभाळणारा आणि साइट फोडणारा, दोघांची शर्यत एकाच वेळी सुरू होते. फोडणारा जागा असतो.

पहाटे २ : अडीच तास बाकी

‘आपल्या साइटवर कोण कशाला येतंय?’ या प्रश्नाचं उत्तर या वेळी मिळत होतं. कुणी माणूस येतच नव्हता. हल्ले स्वयंचलित होते. प्रोग्राम साइटची यादी घेऊन एकेका पत्त्यावर जातो, तीच विनंती पाठवतो, उत्तर आलं तर आत शिरतो, नाही आलं तर पुढच्या पत्त्यावर जातो. यादीतली साइट न्यूयॉर्कच्या मासिकाची आहे की धुळ्याच्या पतपेढीची, हे त्याला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नसतं.

छोट्या साइटचा उपयोगही बराच असतो. तिच्यावरून हजारो फसव्या ईमेल पाठवता येतात. पानांत औषधांच्या किंवा जुगाराच्या जाहिराती लपवता येतात. गूगलवरून येणारा माणूस परस्पर भलत्याच पानावर वळवता येतो. बँकेच्या लॉगिनसारखं दिसणारं खोटं पान तिच्या पोटात ठेवता येतं. साइट लहान आहे म्हणून ती सुटत नाही. लहान साइटकडे कुणी पाहत नाही, म्हणून ती जास्त दिवस वापरता येते.

पहाटे ३.३० : एक तास बाकी

आत शिरलेला प्रोग्राम काय करतो? डेटाबेसमध्ये स्वतःसाठी एक नवं खातं उघडतो, तेही प्रशासकाचं. किंवा डेटाबेसच्याच मदतीने सर्व्हरवर एक छोटी फाइल लिहून ठेवतो आणि तिच्यातून पुढं केव्हाही आत येता येतं. याला बॅकडोअर म्हणतात. ती फाइल एखाद्या जुन्या फोल्डरमध्ये, साध्यासुध्या नावाने पडून राहते.

मग खरी चलाखी. काही हल्लेखोरांनी आत शिरल्यावर भोक स्वतःच बुजवलं. दुसऱ्या कुणी येऊन ताबा घेऊ नये, म्हणून. अशा साइटच्या मालकाने नंतर तपासलं, तर त्याला साइट दुरुस्त झालेली दिसणार. दुरुस्ती आपण केली नाही आणि तरी ती झालेली आहे, हीच तिथं घुसखोरीची खूण होती. हल्ल्याचा मजकूर लॉगिनच्या चौकटीतून गेल्यामुळे सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदवहीतही त्याचा पत्ता लागत नव्हता.

पहाटे ४.३० : मुदत संपली

ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने नंतर रेघ मारली ती या वेळेवर. घोषणेपासून सात तासांच्या आत जी साइट दुरुस्त झाली नाही, ती फुटलेली आहे असंच धरून चाला. दिसत असो वा नसो, पुरावा असो वा नसो.

म्हणजे गुरुवारी सकाळी उठून तत्परतेने अपडेट करणारा माणूसही उशिराच पोचला होता.

सकाळी १०.३० : सहा तास उलटले

कचेऱ्या उघडल्या. साइट नेहमीसारखीच दिसत होती. संस्थापकांचा फोटो जागेवर, प्रवेशाची सूचना जागेवर, ‘संपर्क’ पानावरचा जुना फोन नंबरही जागेवर.

१४ जून २०२२ ला ठाणे शहर पोलिसांची वेबसाइट फोडली गेली, तेव्हा पहिल्या पानावर हल्लेखोरांचा मजकूर झळकला आणि सगळ्या राज्याला कळलं. नाचक्की झाली, पण दुखणं त्याच दिवशी उघडं पडलं. जी साइट फुटूनही हसतमुख दिसते, तिचं दुखणं मोठं असतं.

१९ ते २५ ऑक्टोबर : दहा दिवस गेले

१९ तारखेला निकाल लागला. २१ ला धनत्रयोदशी, २३ ला लक्ष्मीपूजन, २५ ला भाऊबीज. जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते ते हे दिवस.

याच दिवसांत एक गोष्ट निमूटपणे घडत होती. बऱ्याच होस्टिंग कंपन्या साइटचा बॅकअप ठेवतात, पण मोजक्याच दिवसांचा. नवी प्रत आली की सर्वांत जुनी पुसली जाते. सात दिवसांच्या प्रती ठेवणाऱ्याकडे २३ तारखेपर्यंत १५ ऑक्टोबरपूर्वीची एकही स्वच्छ प्रत उरली नाही. उरल्या त्या सगळ्या फुटलेल्या साइटच्या प्रती.

२९ ऑक्टोबर : चौदावा दिवस

सुरक्षा पथकाने जाहीर निवेदन काढलं आणि सात तासांचा हिशेब जगाला तेव्हा कळला. सल्ला कडक होता. नुसतं अपडेट पुरणार नाही, कारण अपडेटने भोक बुजतं, पण आत बसलेला बाहेर निघत नाही. साइट बंद करा. सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्याला सांगा, कारण त्याच सर्व्हरवर इतरांच्या साइट असतील तर त्याही बाधित झाल्या असतील. १५ ऑक्टोबरपूर्वीच्या बॅकअपवरून साइट नव्याने उभी करा, ती दुरुस्त करा, मगच चालू करा. तसा बॅकअप नसेल, तर साइट मुळापासून बांधणंच शहाणपणाचं.

दोन दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, मुंबईत वानखेडे स्टेडियमवर नव्या सरकारचा शपथविधी झाला. मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे मंत्री झाले, खान्देशातल्या वर्तमानपत्रांची पहिली पानं भरून गेली. ड्रुपलच्या निवेदनाला तिथं जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

पुन्हा तीच रात्र : २०१८

ड्रुपलवाले या अनुभवातून शिकले. २०१८ मध्ये तेवढंच गंभीर आणखी एक भोक सापडलं, तेव्हा २१ मार्चला, म्हणजे आठवडाभर आधीच त्यांनी सांगून टाकलं, की २८ तारखेला दुरुस्ती येणार आहे, जागे राहा. आपल्याकडे ती वेळ होती रात्री साडेअकरा ते एक. या वेळी हल्ल्याचं कोड बाहेर यायला जवळजवळ दोन आठवडे लागले. म्हणजे वेळ भरपूर होता. तरीही जूनच्या सुरुवातीला झालेल्या एका पाहणीत १ लाख १५ हजारांहून जास्त साइट दुरुस्तीविना सापडल्या. काहींच्या पोटात क्रिप्टो चलन खणणारे प्रोग्राम बसलेले होते.

भीती किती भरली होती, याचाही एक नमुना त्याच काळातला. ६ एप्रिल २०१८ ला संरक्षण मंत्रालयाच्या वेबसाइटवर एक चिनी अक्षर दिसलं आणि चीनने साइट फोडली अशी बातमी वाऱ्यासारखी पसरली. साइट ड्रुपलवर होती. अक्षर होतं ‘झेन’ नावाच्या तिच्या साच्याचं मूळ बोधचिन्ह. साइट बंद पडली ती यंत्रातल्या बिघाडाने, असा सरकारी खुलासा त्याच दिवशी आला. न फुटलेल्या साइटवरून देशभर गदारोळ झाला, दुरुस्तीविना राहिलेल्या लाखभर साइटची तेवढी चर्चा झाली नाही.

घड्याळ उलटं फिरवलं तर

त्या सात तासांत काय करायचं, हे त्या सात तासांत ठरत नाही. ते आधीच ठरलेलं असावं लागतं.

पहिली गोष्ट, अपडेट आपोआप व्हावं. वर्डप्रेसने ऑक्टोबर २०१३ पासून सुरक्षेची छोटी अपडेट आपोआप बसवायला सुरुवात केली. ड्रुपल ७ मध्ये तशी सोय नव्हती, हाच त्या रात्रीचा फरक. पण वर्डप्रेसवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. मूळ सॉफ्टवेअर अपडेट होतं, त्याला जोडलेले प्लगइन मागे राहतात. त्यांचं आपोआप अपडेट चालू करण्याची सोय ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून आहे आणि ती आपल्याला चालू करावी लागते. जो प्लगइन वापरात नाही, तो काढूनच टाकावा. बंद करून ठेवलेल्या प्लगइनच्या फाइल सर्व्हरवर राहतात आणि भोक त्या फाइलमध्येच असतं.

दुसरी, बॅकअप. सर्व्हरवरचा बॅकअप सर्व्हरबरोबरच जातो, म्हणून एक प्रत बाहेर हवी. रोजच्या प्रतींखेरीज महिन्याची एक प्रत निदान सहा महिने ठेवावी. चौदा दिवसांनी जाग येणाऱ्याला सात दिवसांचा बॅकअप काय कामाचा? वर्षातून एकदा त्या प्रतीवरून साइट खरोखर उभी करून पाहावी. अनेकांना बॅकअपची फाइल अर्धीच आहे, हे गरज पडते त्या दिवशी कळतं.

तिसरी, चाव्या. डोमेन संस्थेच्या नावावर आहे की साइट बनवणाऱ्याच्या, होस्टिंगचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे, प्रशासकाची खाती किती आणि कुणाची, हे एका कागदावर लिहून कपाटात ठेवावं. सोडून गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करावं. प्रशासकाच्या लॉगिनला मोबाइलवर येणारी दुसरी खातरजमा लावावी. महिन्यातून एकदा खात्यांची यादी नजरेखालून घालावी. त्या रात्री अनेक साइटवर जन्मलेलं ते उपरं खातं अशा यादीतच दिसलं असतं.

चौथी, कळवायचं कुठं. केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. साइट फुटल्याचं कळलं की घाईघाईने सगळं पुसून टाकण्याची आपली सवय इथं आड येते. आधी नोंदी आणि फाइलची प्रत काढून ठेवायची, मग साफसफाई.

या चारही गोष्टींना मोठा पैसा लागत नाही. लागतो एक माणूस, ज्याचं हे काम आहे असं लिहून ठेवलेलं आहे. खान्देशात ज्वारी हुरड्यात आली की शेतात राखणीला माणूस बसतो आणि त्याची मजुरी खर्चात धरलेली असते. साइटच्या बाबतीत आपण पेरणाऱ्याला एकदाच पैसे देतो आणि राखणाऱ्याची मजुरी धरतच नाही. २०१४ च्या त्या रात्री साइट फुटल्या त्या एका ओळीच्या चुकीने. पण दुरुस्ती हाताशी असताना फुटल्या, कारण ती बसवणं कुणाच्याच कामात नव्हतं.

५ जानेवारी २०२५ पासून ड्रुपल ७ ला अधिकृत सुरक्षा दुरुस्ती मिळणं बंद झालं आहे. आपल्या संस्थेची साइट अजून त्याच्यावर असेल, तर पुढचं भोक सापडेल तेव्हा सात तासही मिळणार नाहीत, कारण दुरुस्तीच येणार नाही. संस्थेच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या : साइट कशावर चालते, शेवटचं अपडेट कधी झालं, आणि बॅकअप कुठं आहे. उत्तर देणारं कुणी नसेल, तर त्याच बैठकीत माणूस नेमा आणि त्याचं नाव इतिवृत्तात लिहा.